सेल दिसला की हात आवरत नाही, पगार १५ तारखेलाच संपतो. काय करावं?

इथे आधीच एक उत्तर आलंय की "खर्च कमी करू नका, कमाई वाढवा", आणि त्याला ढीगभर लाइक्स. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या भावजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय.

आम्ही गोव्यातल्या साखळीजवळचे, म्हणजे लोहखनिजाच्या खाणपट्ट्यातले. तेव्हा ज्याच्या हातात दोन पैसे आले त्याने ट्रक घेतला, भावजींचेही दोन खाणीवर होते. ट्रकांबद्दल मी बोलत नाही, तो धंदा. पण पावसात माल वाहतूक बंद, सीझन ऑक्टोबरात, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्याच्या आधी. म्हणजे चवथीची खरेदी कायम पुढच्या सीझनच्या भरवशावर. २०१२ च्या चवथीच्या महिनाभर आधी भावजी म्हापशाला गेले मिक्सरचं भांडं बदलायला आणि ४२ इंची टीव्ही बुक करून आले. भांडं राहिलंच. दुकानात म्हणे झिरो पर्सेंट, डाउन पेमेंट पण नाही, नुसत्या सह्या. टीव्ही जुन्या टेबलावर मावेना म्हणून शोकेस केली, शोकेसमागची भिंत कळकट दिसते म्हणून रंग काढला, रंगापुढे पडदे जुने वाटायला लागले म्हणून जाऊबाईंनी पडदे आणले. आणि शोकेस ठेवली कुठे, तर गणपती बसतो त्याला अगदी चिकटून, त्यामुळे वर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधतात ती चौकट टांगली तर शोकेसचं वरचं दार उघडेना. सासूबाई म्हणाल्या शोकेस हलव, भावजी म्हणाले यंदा माटोळी जरा लहान करू. झालं! चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीची रानातली कांगलां, सुपारीची शिपटी (घड) सगळं जमिनीवर पसरलेलं, नारळ बांधायचे राहिलेले, आणि घरात कडाक्याचं भांडण. शेवटी सुताराला बोलावून ते दारच बिजागरीसकट काढलं.

तोवर खाणी बंद झाल्या होत्या. १० सप्टेंबरला सरकारने थांबवल्या, १९ ला चवथ, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचाही बंदीचा आदेश. सीझन सुरूच झाला नाही, हप्ते मात्र वेळेवर सुरू झाले. मग सोसायटीतून कर्ज काढायचं ठरलं आणि मला म्हणाले, वहिनी, तुमची सरकारी नोकरी, तुम्ही जामीन राहा. मी नाही म्हटलं. तेव्हापासून मी चिंगूस.

आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की स्वभावच तसा आहे. स्वभाव-बिभाव बाजूला ठेवा. मजा वस्तूची कमी आणि ती मिळणार याची जास्त असते, म्हणून तर पार्सलची वाट बघताना जेवढं बरं वाटतं तेवढं ते खोलल्यावर वाटत नाही आणि आपण परत ॲप उघडून बसतो. दुसरं म्हणजे पैसे जाताना दुखायला हवं. प्रेलेक आणि सिमेस्टर या दोघांनी एमआयटीच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती, २००१ मध्ये तो अभ्यास छापून आला. तिकीट तेच, पण कार्डाने भरणाऱ्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त! यूपीआयला तर पाकीटही काढावं लागत नाही.

आणि त्या झिरो पर्सेंटचं म्हणाल तर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते किमतीत नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये दडवलेलं असतं. आजच्या क्रेडिट कार्डावरच्या नो कॉस्ट ईएमआयचं स्टेटमेंट एकदा नीट वाचा, व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी मारलेला दिसेल.

करायचं काय तर ॲपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, पगार आला त्याच दिवशी आरडी, म्हणजे बँकेत दरमहा ठरावीक रक्कम साठवायची ठेव, कापली जाईल असं करा, आणि खोडलेली जुनी किंमत वाचूच नका, ती तुमच्यासाठीच छापलेली असते. घेताना एवढंच बघा की हा पैसा आलाय का येणार आहे. येणार असेल तर नाही घ्यायचा टीव्ही! कितीही कमाई वाढवा, वाढलेली कमाई यायच्या आधीच खर्च होणार असेल तर काय उपयोग? दोन ट्रक होते हो त्यांचे!

भावजींची बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी त्यांना हे दाखवेल. खाणी बंद होणं त्यांच्या हातात नव्हतं, टीव्ही न घेतलेलेही बुडाले, आणि ट्रकांच्या हप्त्यापुढे टीव्हीचा हप्ता म्हणजे किस झाडकी पत्ती. हे ते मला दर चवथीला ऐकवतात. बरोबर आहे त्यांचं. तरी जामीन मी आजही राहणार नाही.

एक राहिलं. घरच्यांपासून पार्सल लपवणं, एक कर्ज फेडायला दुसरं काढणं, घेतल्यावर रडू येणं, असं काही होत असेल तर माझ्यासारखीचं ऐकत बसू नका, डॉक्टरला भेटा. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. आणि पगार १५ ला संपतो म्हणालात पण त्यात घरभाडं किती ते लिहिलंच नाही. भाडंच अर्धा पगार खात असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, ते माझ्या दिरालाच लागू आहे.