हायवा आणि टीएमला पीटीओची एकच वायर चालणार नाही

तुमच्याकडे सहा हायवा (डंपर), तीन टीएम (काँक्रीट नेणारे ट्रान्झिट मिक्सर), आणि जीपीएसवाला सगळ्यांना पीटीओची (इंजिनची ताकद पंपाला देणारा जोड) एकेक वायर जोडून 'किती तास चालला ते दिसेल' म्हणतोय. हायवाला जोडून घ्या. टीएमच्या वायरीचे पैसे देऊ नका.

हायवाचा पीटीओ गिअरबॉक्सवर असतो. ड्रायव्हर गाडी उभी करून तो लावतो, बॉडी उचलतो, माल खाली करतो, काढतो. तिथे चालू-बंदला अर्थ आहे. टीएमचा ड्रम प्लँटवरून साइटपर्यंत फिरत राहायला लागतो, म्हणून बहुतेक गाड्यांत त्याचा पीटीओ फ्लायव्हीलवरून घेतलेला असतो आणि इंजिन सुरू असेपर्यंत फिरतोच. दिवसभर 'चालू' दिसेल, कळणार काहीच नाही. (ड्रमला वेगळं इंजिन असलेली जुनी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.)

टीएमला ड्रमजवळ दोन सेन्सर लावा. आधी कोणता लागला यावरून दिशा कळते. ड्रम उलटा फिरला की माल बाहेर पडतो, त्यामुळे साइटच्या हद्दीबाहेर उलटे फेरे दिसले की काँक्रीट कुठे उतरलं ते विचारता येतं. पण लगेच चोर ठरवू नका, ड्रम धुऊन पाणी काढतानाही उलटाच फिरवतात. किती वेळ फिरला ते बघा. आयएस ४९२६ (तयार काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे रिटार्डर (काँक्रीट उशिरा घट्ट करणारं रसायन) नसेल तर भरल्यापासून २ तासांत माल खाली व्हायला हवा, तो हिशोबही यातच निघतो.

आता हायवा. वायरमन सोपं म्हणून केबिनच्या स्विचवरूनच वायर घेतो. स्विच दाबला म्हणजे पीटीओ लागलाच असं नाही, हवेचं प्रेशर कमी असेल तर लागत नाही. वायर पीटीओच्या हाउसिंगवरच्या सेन्सरवरून घ्यायला सांगा. गाडी २४ व्होल्टची, तेव्हा डिव्हाइसचं इनपुट तेवढं झेपतं का ते आधी विचारा, आणि मध्ये फ्यूज हवाच. काही सेन्सर चालू झाल्यावर व्होल्टऐवजी अर्थिंग (ग्राउंड) देतात, तिथे रिपोर्ट उलटा येतो. पहिल्या दिवशी स्वतः उभं राहून दोनदा बॉडी उचलून मोबाईलवर ताडून बघा.

जीपीएसवाला कॅनवरून (गाडीच्या कॉम्प्युटरांची आपसातली डेटा लाइन) घेऊ म्हणाला तर सावध. जे१९३९ मध्ये (ट्रकच्या कॅन डेटाचं मानक) पीटीओच्या एकूण तासांना जागा आहे (एसपीएन म्हणजे डेटाचा क्रमांक २४८), पण बॉडीवाल्याने नंतर बसवलेला पीटीओ ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जोडलेलाच नसेल तर तिथे काही येत नाही.

सगळ्यात कामाचा अलार्म म्हणजे पीटीओ चालू आणि वेग ताशी १० किमीच्या वर. पंप तापून जाम होतो ते एक, बॉडी वर राहून विजेच्या तारेला लागली तर माणूस जातो. बझर केबिनमध्येच वाजू द्या, मालकाच्या मोबाईलवर नुसता मेसेज येऊन काय उपयोग?

आणि रिपोर्टमध्ये 'आयडलिंग'मधून (गाडी उभी, इंजिन सुरू) पीटीओचा वेळ वेगळा काढून घ्या. मी जेटिंग-सक्शनच्या (गटार साफ करणाऱ्या) गाड्या बघायचो तेव्हा आमच्या एका ड्रायव्हरचा पगार आयडलिंगपायी कापला गेला होता. गाडी उभी होती खरी, पण तो तेव्हा चेंबर उपसत होता. पैसे परत मिळाले, पण त्यानंतर त्याने डिव्हाइसची वायर दोनदा तोडली आणि मला त्याला काही बोलवलं नाही.