गाईडना तोंड कसं दाखवू?

"पीएच.डी. सोडून देऊ का?" असं विचारत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बहुतेक जण तिशी ओलांडलेले, कुठल्या तरी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे असतात. थोडं बोलल्यावर लक्षात येतं की संशोधनाचा कंटाळा आलेलाच नाही. गाईडना भेटून वर्ष उलटलेलं असतं आणि आता त्यांच्यासमोर जायची हिंमत होत नाही.

सांगलीची वर्षा (नाव बदललं आहे) अशीच आली. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठात नोंदणी, विषय सांगलीचा हळद बाजार. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं, २००५ च्या महापुरात त्यांचं झालेलं नुकसान, नंतर गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळलेली साठवण, यावर तिने शेतकऱ्यांच्या, अडत्यांच्या, हमालांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मग बाळंतपण आलं, दोन कॉलेजांचे तास आले आणि प्रबंधाचं दुसरं प्रकरण अडकलं. सरांचा फोन वाजला की ती उचलायची नाही. कोल्हापुरात लग्नाला गेली तरी विद्यापीठाच्या रस्त्याने जाणं टाळायची.

"आता प्रकरण पूर्ण करूनच सरांना भेटायचं, असं ठरवलंय मी."

"कधी ठरवलंत?"

"झालं की दीड वर्ष."

परिस्थितीपेक्षा आपणच स्वतःवर घातलेल्या अटी माणसाला जास्त छळतात, असं मी मानते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भरवसा आहे, तो याच अनुभवामुळे. म्हणून "सर रागावणार नाहीत" असा दिलासा मी वर्षाला दिला नाही. ते रागावतीलही. मला तिच्या त्या अटीला हात घालायचा होता, पण थेट वाद घातला असता तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा तेच केलं असतं.

एका भेटीत मी तिच्या विषयाबद्दलच विचारत बसले. सर्वांत उपयोगी मुलाखत कुठली?

"एका अडत्यांची. पुरात त्यांची पेवं गेली, हिशेबाच्या वह्याही भिजल्या. आकडे धड नव्हते, पण काय काय बुडालं ते सगळं सांगितलं त्यांनी."

"मग 'आधी हिशेब पुरा करा, मगच बोलू' असं नाही म्हणालात?"

"छे! असं कसं म्हणणार? त्यांच्याकडे जे होतं तेच तर मला हवं होतं."

यावर मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं. समोरचा स्वतःच्याच वाक्यापाशी पोहोचत असतो, त्याला तिथे पोहोचू द्यावं लागतं. हे गप्प राहणं मला बऱ्याच वर्षांनी साधलं आहे. वर्षाचे डोळे भरून आले. "म्हणजे सरांनाही माझ्याकडे जे आहे ते दाखवता येईल," ती म्हणाली.

त्याच दिवशी आम्ही ईमेल लिहिला. किती मुलाखती झाल्या, काय अडलं आहे, भेटीची वेळ मिळेल का. कारणांची यादी मी काढून टाकायला लावली. सर रागावले, "आधी का नाही कळवलंस?" म्हणाले आणि मग कच्ची टिपणं मागवून घेतली. दुसरं प्रकरण त्यांनी निम्मं कापलं, आणि तेव्हाच ते पुढे सरकलं.

तुमचंही असंच असेल तर तो ईमेल आज लिहा. प्रकरण झाल्यावर नको. रोज अर्धा तास लिहा, वाईट लिहा, पण गाईडच्या नजरेखाली जाऊ द्या. दर सहामाहीला विद्यापीठाच्या संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. ती चुकवू नका, पाच पानं झाली असतील तर पाच पानं न्या. सोडायचंच असेल तरी गाईडना भेटून, सांगून सोडा. नुसता फोन न उचलता सुटलेली पीएच.डी. मनातून सुटत नाही, हे मी पुष्कळ जणांत पाहिलं आहे.

आणि मुदतीच्या भीतीने रात्री जागण्याआधी नियम वाचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत पीएच.डी.ला प्रवेशापासून सहा वर्षांची मर्यादा आहे, पण महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही आहे. वर्षाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फक्त हे आपोआप मिळत नाही, मुदत संपायच्या आत लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि त्यासाठीही आधी गाईडना भेटावंच लागतं.