दाराच्या चार चौकटी

"आधीच घाबरलाय, त्याला पुन्हा पुराचीच चित्रं दाखवायची? जास्त घाबरेल ना!" आपत्तीवरचं कॉमिक पुढे केलं की बहुतेक पालक हेच म्हणतात. त्या आईही हेच म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा आठ वर्षांचा. पूर ओसरून सहा आठवडे झाले तरी आभाळ भरून आलं की पोटात दुखायचं. बाबा बाहेर निघाले की त्यांचा शर्ट सोडायचा नाही. घरात मात्र पुराचा विषयच बंद.

मी दिलेल्या कॉमिकचं त्यानं आधी शेवटचं पान उघडलं, माणसं मोजली, मग पहिल्या पानावर आला. मुलं असं करतात, खुशाल करू द्यावं. व्हिडिओतलं पाणी धावतच सुटतं. पान मुलाच्या हातात असतं, नको वाटलं की मिटायचं. अर्थात कुठलंही कॉमिक चालत नाही. नुसती पडझड दाखवणारी मी कपाटातच ठेवते. धोका दिसला की लगेच 'आता काय करायचं' हेही दिसायला हवं. टोकियोच्या प्रशासनानं २०१५मध्ये घरोघरी वाटलेल्या आपत्ती-पुस्तिकेतही भूकंपावरची मांगा, म्हणजे चित्रकथा, होती. तेव्हा हा काही पोरखेळ नव्हे.

पुढच्या भेटीत मी रिकाम्या चौकटी आखून दिल्या. पहिलीत त्यानं पाणी काढलं. दुसरीत बाबा मोटरसायकल काढायला खाली निघालेले. पुढच्या चारही चौकटींत एकच चित्र: बंद दार. कडी तेवढी दर वेळी मोठी होत गेलेली.

"वीसच मिनिटं लागली असतील मला," वडील म्हणाले. "आणि पाणी गुडघ्याच्या खालीच होतं."

आई गप्प होत्या. जोरात वाहणारं सहा इंच पाणीसुद्धा मोठ्या माणसाला पाडू शकतं, हे मी सांगितलं. मुलाला आकडा ठाऊक नव्हता, पण भीती अस्थानी नव्हती. ती पावसाची नव्हतीच. बाबा पुन्हा पाण्यात उतरतील, याची होती. तिथे "घाबरू नकोस" काय कामाचं?

मग तिघांनी घरचं कॉमिक काढलं. पाणी शिरण्याआधी मेन स्विच आई बंद करणार, कागदपत्रांची पिशवी बाबांकडे, टॉर्च याच्याकडे, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं तेही ठरलं. पोटदुखी एका दिवसात गेली नाही, हळूहळू कमी झाली. महिना उलटूनही झोप, शाळा, खेळणं विस्कटलेलंच असेल तर नुसत्या कॉमिकवर विसंबू नका, तज्ज्ञांना दाखवा.

शेवटच्या चौकटीत तिघं गच्चीवर होते. खाली मोटरसायकल बुडालेली, पाण्यावर फक्त एक आरसा.

वडील बराच वेळ बघत राहिले. "अरे, दोन आरसे आहेत तिला," म्हणाले, आणि दुसरा त्यांनीच काढला.