पहिली सेकंड हँड स्पोर्ट्स कार: आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

पहिल्या पिढीची १.६ लिटर माझदा एमएक्स-५ घ्यावी की पोर्शे बॉक्स्टर ९८६, असं तुम्ही विचारलंय, आणि कामं घरीच करायची आहेत. माझं मत सरळ आहे: माझदा घ्या. बॉक्स्टर चालवायला अप्रतिम, पण तिचं इंजिन सीटच्या मागे दडलेलं, वरून धड हातही पोचत नाही. इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या आतल्या एका फिरत्या दांड्याचं, बेअरिंग बघायचं तर गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. नवख्याने शिकायला तिथून सुरुवात करू नये.

माझदाच्या इंजिनाला घाबरू नका. १.६ चा टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटला तर गाडी बंद पडते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. थंड इंजिनात टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) टकटक येते आणि गरम झाल्यावर जाते, त्यावरून सौदा मोडू नका. सुरुवातीच्या इंजिनांत, साधारण १९९१ पर्यंत, क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे आणि तिथे पुली धरून ठेवणाऱ्या लोखंडी चावीचा खाचा झिजतो. इंजिन चालू ठेवून त्या टोकावरची, खालची पुली बघा. डुलत असेल तर ती गाडी सोडून द्या.

गाडी खरी मरते ती गंजाने. कापडी टपावरचं पाणी सीटमागे दोन्ही कोपऱ्यांत उतरतं आणि तिथल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. नळीत पालापाचोळा अडकला की पाणी आतच मुरतं आणि दाराखालची सिल (पत्र्याची पोकळ पट्टी) आतून कुजते, वरून रंग मात्र चकचकीत. म्हणून जाताना पाण्याची बाटली न्या. मालकाला विचारून दोन्ही कोपऱ्यांत थोडं थोडं ओता आणि खाली वाकून बघा. दोन्हीकडून पाणी पडलं पाहिजे. मग सिलच्या मागच्या टोकाला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक लावा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. इंजिनाचं काम तुम्ही शिकाल, पण सिल कापून नवीन वेल्ड करणं घरच्या हत्यारांनी होत नाही. १९९८ पासूनच्या दुसऱ्या पिढीत पुढच्या चॅसी रेलही (गाडीचा भार पेलणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळया) तपासा, त्या आतून सडतात.

आणखी एक, इंजिन थंड असतानाच गाडी बघायची. आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

घरी आणल्यावर जुन्या मालकाच्या सांगण्यावर न जाता सगळी ऑइलं, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि घाटात ब्रेक तापले की पॅडल मऊ पडतं; दर दोन वर्षांनी ते बदलाच. गिअरबॉक्सचं ऑइल काढताना आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. तो जाम असेल आणि खालचा तुम्ही आधीच उघडला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी जागेवर अडकते.

हत्यारांत पैसे घालायचे ते चांगल्या जॅक स्टँडवर (उचललेली गाडी टेकवायचे पाय) आणि टॉर्क रेंचवर (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, शिरू नका.

पहिलं काम बहुधा क्लचचं निघेल. पॅडल खाली बसायला लागलं आणि क्लचच्या डबीतलं ऑइल उतरलं, तर खाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचा (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारी गिअरबॉक्सजवळची नळकांडी) रबर बूट उचला. आत ओलं दिसलं तर तोच गळतोय. तो बदलायला दोन बोल्ट आणि एक पाइप, आणि नंतर ब्लीडिंगला (पाइपातली हवा काढायला) पॅडल दाबायला कुणीतरी सोबत हवं.