मुलीला कॉलेजवाले गावात फिरवतात, अभ्यासाचं काय? : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षातल्या मुलीच्या वडिलांना उत्तर

नमस्कार,

पत्र वाचलं तुमचं. मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजला पहिल्या वर्षाला, कॉलेजची बस पोरांना गावात नेते, तिच्या वाट्याला पाच घरं आलीत, तिथे बीपी मोजा, वजन घ्या, पाणी कुठून आणता विचारा, आशाताईंच्या मागे फिरा, आणि तुमचं म्हणणं असं की ही नर्सची कामं आहेत, आत्तापासून नीट पीजीची (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करायची सोडून हे कशाला, मेडिकल सर्टिफिकेट देऊन सुटता येईल का.

सुटता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. फॅमिली ॲडॉप्शन, म्हणजे विद्यार्थ्याने गावातली काही घरं दत्तक घेणं, हे 2021-22 च्या बॅचपासून एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) अभ्यासक्रमातच आहे, हजेरी लागते, लॉगबुक भरावं लागतं. पण खरं सांगू का, सुटता येत असतं तरी मी नको म्हणालो असतो.

मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याने मला सांगितलं होतं, त्याच्या दत्तक घरांपैकी एकाला दिवाळीनंतर कुलूप. सगळं घर ऊसतोडीला गेलेलं, आणि त्या घरात एकाला टीबीची ट्रीटमेंट चालू. आता पुस्तकात गोळ्या सहा महिने असं एका ओळीत लिहिलेलं असतं, पण पेशंट फडावर असताना गोळ्या देणार कोण? आशाताईंकडे मुकादमाचा नंबर होता, त्यावरून कारखाना कळला, मग टीबीच्या सुपरवायझरने निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, पेशंट तिकडच्या युनिटला ट्रान्सफर केला आणि गोळ्या तिथे सुरू झाल्या. यात डॉक्टरचं काम किती, तर निदान आणि प्रिस्क्रिप्शन, बाकी सगळं बाकीच्यांनी केलं आणि ते केलं नसतं तर प्रिस्क्रिप्शन नुसता कागद. हे लेक्चर हॉलमध्ये शिकवायचं म्हटलं तरी शिकवता येत नाही हो.

आणि 'नर्सचं काम' हे जे तुम्ही लिहिलंय ना, त्यावर जरा बोलतो, राग मानू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ट्रेनिंग देऊन नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू किती कमी झाले ते 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात त्याचं मूळ तिथे आहे. आता कुठल्या दिवशी काय बघायचं, बाळ थंड पडलंय की नाही, हे आशाताईंना तोंडपाठ असतं, तुमच्या मुलीला अजून नाही. मग शिकायचं कोणाकडून?

बरं हे फक्त खेड्यापुरतं नाही. ऑपरेशन थिएटरमधली डब्ल्यूएचओची सेफ्टी चेकलिस्ट 2008 ची, ती जगातल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, त्यात दिल्लीतलं एक होतं, आणि ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. नवीन मशीन नाही की नवीन औषध नाही. चीर द्यायच्या आधी थांबायचं, सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगायचं, पेशंट कोण, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, ॲलर्जी आहे का, हे मोठ्याने बोलायचं. 'सर, ही बाजू नाही' असं सिस्टर सर्जनला बोलू शकली पाहिजे आणि सर्जनने ते ऐकलं पाहिजे, ही सवय एमडी झाल्यावर लागत नाही, पहिल्या वर्षापासूनच लागते नाहीतर कधीच नाही.

आता तुमची तक्रार जिथे बरोबर आहे तेही सांगतो. बऱ्याच ठिकाणी हा प्रकार फॉर्म भरण्यापुरता उरलाय, पोरं एकमेकांचे आकडे उतरवतात, बसमध्ये बसून बीपी 120/80 लिहितात, सेल्फी काढतात आणि परत. असं होत असेल तर वेळ वायाच जातोय. पण त्यावरचा उपाय तिच्या हातात आहे. फॉर्म बाजूला ठेवून आशाताईंना विचारायचं की रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर तुम्ही काय करता, फोन कोणाला, गाडी कुठून येते, पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कोण असतं, तिथून पुढे कुठे पाठवतात आणि पाठवताना चिठ्ठीवर काय लिहितात. लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत तासभर नुसतं बसायचं. वॉर्डात गेल्यावर सिस्टर ओव्हर देतात, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगतात, तेव्हा शेजारी उभं राहून ऐकायचं. इंटर्नशिप आणि नंतरचं बॉण्डचं वर्ष, दोन्हीकडे हेच कामाला येतं, पीएचसीला रात्री ती एकटी डॉक्टर असेल आणि सोबत असतील सिस्टर आणि 108 ची ॲम्ब्युलन्स.

पीजीचं म्हणाल तर पीएसएमचे (म्हणजे कम्युनिटी मेडिसिन, हाच गावातल्या आरोग्याचा विषय) प्रश्न नीट पीजीला भरपूर असतात, कुठल्याही क्लासवाल्याला विचारा. उपकेंद्र साधारण 5000 लोकसंख्येला, आदिवासी भागात 3000 ला, पीएचसी 30,000 आणि 20,000 ला, हे पोरं घोकत बसतात आणि विसरतात, तिने उपकेंद्र डोळ्याने बघितलेलं असेल. पुढे आवड लागली तर कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी आहे, मुंबईच्या टिसमधून (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) पब्लिक हेल्थ करता येतं, पण ते आत्ता तिच्या डोक्यात घालू नका.

आणि तो ऑनलाइन क्लास, ज्याची फी भरायची म्हणताय, तो सध्या राहू द्या. पहिल्या वर्षात ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री एवढं निघालं तरी खूप झालं, क्लासचं तिसऱ्या वर्षाला बघू, तेव्हा परत लिहा.