'वाणी खाऊ नको, गांडूळ खाऊ नको'

प्रश्न असा आला आहे: एका योरुबा शोकगीताच्या इंग्रजी भाषांतरात मेलेल्या माणसाला 'मिलिपीड खाऊ नको, गांडूळ खाऊ नको' असं बजावलंय. ही थट्टा, की मरण झाकून बोलायची रीत? आणि मराठीत ही ओळ कशी आणायची?

थट्टा नव्हे. नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा लोकांची ही अगदी ओळखीची ओळ. मूळ शब्द 'मा जोकुन, मा जेकोलो'. 'मा' म्हणजे नको, 'जे' म्हणजे खाणं (आपलं जेवण आठवलं ना? निव्वळ योगायोग). 'ओकुन' म्हणजे मिलिपीड, आपला वाणी किडा, तोच पावसाळ्यात भिंतीवर चढणारा, हात लावला की वेटोळं करणारा. 'एकोलो' म्हणजे गांडूळ. पुढे येतं, 'तिथले लोक जे खातील ते त्यांच्याबरोबर खा.'

देह मातीत गेला की किडे त्याला खाणार, हे गाणारीला ठाऊक असतं. माझ्या मते गंमत इथेच आहे: तिने खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची अदलाबदल केली. मेलेला आता कुणाचं खाद्य नाही, तो परगावी निघालेला पोर आहे. आई नाही का सांगत, बाहेरचं काहीबाही खाऊ नको, मामीकडे सगळ्यांसोबत पानावर बस? तोच सूर. मरणाचं नावसुद्धा नाही, पण कबरीतली माती मात्र लख्ख दिसते.

निरोपाच्या शब्दांचंही तसंच. योरुबात रोजचा निरोप 'ओ दाबो', म्हणजे परत येईपर्यंत. रात्री 'ओ दारो', सकाळपर्यंत. मेलेल्यालाही याच साच्यात निरोप देतात, फक्त मुदत बदलते: 'ओ दि आरिन्नाको', वाटेत अवचित गाठ पडेपर्यंत; 'ओ दि ओजू आला', आता स्वप्नातच. (इथे 'आला' म्हणजे स्वप्न. मराठी डोळ्याला उगाच चटका बसतो.) आपणही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, पण तो शब्द मेलेल्याच्या तोंडी घालत नाही.

खरा झाकणारा शब्द राजासाठी आहे. राजा मरत नाही, 'ओबा वाजा', म्हणजे राजा माळ्यावर गेला. इथे 'कैलासवासी झाले' चालून जाईल. गाण्याच्या ओळीत मात्र कैलास-वैकुंठ आणू नका, आणि 'भक्षण करू नकोस' तर मुळीच नको. 'वाणी खाऊ नको, गांडूळ खाऊ नको, तिकडच्यांच्या पंगतीला बस' एवढं पुरे.