करोनाचा उगम: सीआयएच्या निष्कर्षाने वाद का मिटत नाही

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अमेरिकेच्या सीआयएनेच जानेवारी २०२५ मध्ये करोनाचा विषाणू वुहानच्या प्रयोगशाळेतून पसरल्याची शक्यता अधिक असल्याचे सांगितले, तर वाद संपला असे का मानू नये, हा पहिला. आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, असेच घातक विषाणू हाताळले जातात तर ते काम बंद का करू नये, हा दुसरा.

सीआयएने ते विधान करताना त्याच दमात दोन गोष्टी जोडल्या होत्या. या निष्कर्षाबद्दलची आपली खात्री कमी प्रतीची आहे आणि नैसर्गिक उगमाची, म्हणजे विषाणू प्राण्यांतून माणसांत आल्याची शक्यताही आपण फेटाळत नाही, असे तिने म्हटले होते. बातम्यांच्या मथळ्यांतून या दोन्ही गोष्टी गळाल्या. एफबीआयने मध्यम खात्रीने आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने कमी खात्रीने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अहवालानुसार त्याच देशाच्या चार गुप्तचर संस्था आणि राष्ट्रीय गुप्तचर परिषद तितक्याच कमी खात्रीने निसर्गाच्या बाजूने होत्या. एकाच सरकारची माणसे साधारण तेच कागद वाचून दोन टोकांना पोहोचतात, तेव्हा उणीव कागदांत आहे हे उघड आहे, आणि त्यात आणखी एका संस्थेचे मत मिळवल्याने ती भरून निघत नाही.

साथीचा उगम प्रत्यक्षात कसा सिद्ध होतो, हे पाहायचे तर स्वेर्दलोव्स्कचे उदाहरण अवश्य वाचावे. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातील या शहरात, म्हणजे आजच्या येकातेरिनबर्गमध्ये, अँथ्रॅक्सने किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांस विकले गेले असे सरकारचे म्हणणे होते, आणि लष्करी तळावरून जंतू निसटल्याचा अमेरिकेचा संशय होता. १९८८ मध्ये सोव्हिएत डॉक्टरांनी अमेरिकेत येऊन मांसाची कथा इतक्या तपशिलाने मांडली की हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसन यांच्यासारख्या जाणकारालाही ती पटण्याजोगी वाटली. पुढे १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराकडे बोट दाखवले आणि त्याच वर्षी मेसेलसन स्वतःच पथक घेऊन तिथे गेले. रुग्णालयांतील नोंदी केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने आधीच उचलून नेल्या होत्या. तेव्हा पथकातील समाजशास्त्रज्ञ जीन गिलमन यांनी मृतांच्या घरोघरी जाऊन, तो माणूस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिवसा कुठे होता आणि रात्री कुठे होता एवढेच चिकाटीने विचारले. स्मशानातील कबरींवरची नावे आणि तारखा यादीशी ताडून पाहिल्या. फाइना अब्रामोव्हा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या स्थानिक विकृतिशास्त्रज्ञांनी शवविच्छेदनातील ऊतींचे नमुने तेरा वर्षे लपवून जपले होते, आणि जंतू पोटातून नव्हे तर श्वासातून शरीरात गेले होते, हे त्यांतून दिसले.

ती ठिकाणे नकाशावर मांडल्यावर लष्करी तळापासून शहराच्या दक्षिण टोकापर्यंत सुमारे चार किलोमीटरची एक चिंचोळी पट्टी तयार झाली. चिनी मातीच्या वस्तूंचा कारखाना त्याच पट्टीत होता. काही मृत राहायला दुसरीकडे होते, पण लष्करी प्रशिक्षणासाठी त्या आठवड्यात दिवसा याच पट्टीत येत होते. हीच रेषा पुढे वाढवली तर ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या आणि गुरे मेलेली आढळली, आणि सोमवार, २ एप्रिलचा वारा नेमका त्या दिशेने वाहत होता. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मांसाची कथा तिथेच संपली. येल्त्सिन यांचा कबुलीजबाब महत्त्वाचा होता खरा, परंतु वाद मिटवला तो पत्ते, ऊती आणि वारा यांनी.

वुहानच्या बाबतीत असा नकाशा अर्धाच उपलब्ध आहे. डिसेंबर २०१९ मधील ज्ञात रुग्णांची घरे तेथील हुआनान बाजाराभोवती, म्हणजे मासळी आणि जिवंत प्राणी विकले जात त्या बाजाराभोवती दाटलेली दिसतात, आणि ज्यांचा बाजाराशी काही संबंध सापडला नाही त्यांचीही घरे तशीच दिसतात, हे शास्त्रज्ञ मायकेल वरोबी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवले. १ जानेवारी २०२० ला बाजार बंद झाल्यानंतर गाळ्यांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी काहींत विषाणू आणि रॅकून डॉग या प्राण्याची जनुकीय सामग्री एकत्र मिळाली. मात्र घोडे इथेच पेंड खाते. दोन्ही एका नमुन्यात मिळाले म्हणून तो प्राणी बाधित होता असे ठरत नाही, आणि विक्रीचे ते जिवंत प्राणी तपासणी होण्याआधीच तिथून हलवले गेले होते. २००३ मध्ये सार्स या करोनाच्याच कुळातील आजाराच्या साथीच्या वेळी शेन्झेनच्या बाजारातील उदमांजरांत विषाणू काही महिन्यांत सापडला होता. या वेळी बाधित प्राणी एकही सापडलेला नाही. शिवाय सुरुवातीचे रुग्ण शोधतानाच बाजाराशी संबंध हा एक निकष धरला गेला होता, त्यामुळे त्या नकाशाचाही बाजाराकडे थोडा कल असू शकतो.

प्रयोगशाळेच्या बाजूने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत एक धागा पुण्याचा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. युनान प्रांतातील मोजियांगच्या एका खाणीत २०१२ मध्ये वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार गंभीर न्यूमोनियाने आजारी पडले आणि त्यांपैकी तिघे दगावले. आघारकर संशोधन संस्थेच्या मोनाली रहाळकर आणि बाएफ या कृषी-विकास संशोधन संस्थेचे राहुल बाहुलीकर या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध लिहून ते ऐरणीवर आणले. करोनाच्या विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळणारा आरएटीजी१३ हा वटवाघळांतील विषाणू वुहानच्या विषाणू संशोधन संस्थेने त्याच खाणीतून गोळा केलेला होता, हे संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये जोडलेल्या पुरवणीत स्पष्ट केले. आधीच्या मूळ निबंधात खाणीचा आणि आजारी कामगारांचा उल्लेख नव्हता. तरीही उरलेला चार टक्क्यांचा फरक म्हणजे जनुकीय क्रमातील हजाराहून अधिक अक्षरांचा फरक असून, तो निसर्गात घडायला काही दशके लागतात. त्यामुळे आरएटीजी१३ पासूनच करोना बनवला, हे म्हणणे टिकत नाही. २०१८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याकडे गेलेला आणि नाकारला गेलेला एक प्रस्ताव मला त्याहून अस्वस्थ करतो. वटवाघळांच्या करोना विषाणूंत फ्युरिन या विकराला (एन्झाइमला) छेदता येईल अशी जागा घालून पाहण्याचा विचार त्यात होता, वुहानची संस्था त्यात भागीदार होती, आणि नेमकी तशी जागा या विषाणूत आहे. हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण साथीपूर्वी हा विषाणू किंवा त्याचा थेट पूर्वज त्या संस्थेच्या शीतपेटीत होता, असे दाखवणारा एकही कागद अद्याप पुढे आलेला नाही.

माझ्या मते पारडे बाजाराकडे झुकते. संशयाच्या पलीकडे मात्र ते गेलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही जून २०२५ मध्ये जवळपास हेच म्हटले, आणि चीनकडून काय मिळाले नाही तेही नोंदवले: सुरुवातीच्या शेकडो रुग्णांमधील विषाणूंचे जनुकीय क्रम, वुहानच्या बाजारांत विकल्या गेलेल्या प्राण्यांचे तपशील, आणि तेथील प्रयोगशाळांतील कामाची व जैवसुरक्षेची माहिती.

आता पुण्याविषयी. एनआयव्हीची बीएसएल-४, म्हणजे जैवसुरक्षेच्या सर्वोच्च, चौथ्या स्तराची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा नमुन्यांवर शिक्कामोर्तब पुण्यातच झाले, आणि महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडे असल्याचेही याच संस्थेने दाखवले. ही सोय बंद केली तर संशयित नमुने साध्या प्रयोगशाळांत उघडले जातील, आणि अपघात बहुधा सुरक्षेतील अशा साध्या ढिलाईतूनच होतात. सार्सचा विषाणू २००४ मध्ये बीजिंगच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडला तो नीट निष्क्रिय न करता कमी सुरक्षेच्या खोलीत हाताळल्यामुळे. २००७ मध्ये इंग्लंडच्या पिरब्राइट येथून लाळ्या-खुरकूत पसरला तो गळक्या सांडपाण्याच्या नळांमुळे. आणि २०१९ मध्ये चीनच्या लान्झोऊत लसनिर्मितीच्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरल्याने दहा हजारांहून अधिक लोकांना ब्रुसेला या जिवाणूची बाधा झाली. एनआयव्हीचा स्वतःचा पूर्वेतिहासही याला अपवाद नाही. क्यासनूरच्या जंगलातील तापाचा विषाणू १९५७ मध्ये शोधणाऱ्या तिच्याच कर्मचाऱ्यांना पुढे प्रयोगशाळेत त्याची लागण झाली होती, आणि त्याची नोंद संस्थेच्याच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली.

रोगनिदानाचे हे काम आणि २०११ मध्ये रॉटरडॅमला रॉन फूशिए व विस्कॉन्सिनला योशिहिरो कावाओका यांनी बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट या प्राण्यांत हवेतून पसरेल असा केला ते काम, यांना एका मापाने मोजू नये. दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेने २०१४ मध्ये निधी थांबवला, २०१७ मध्ये अटी घालून पुन्हा दिला आणि मे २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने पुन्हा रोखला. त्यातून लसीसाठी हाती पडते ते थोडे आणि चुकल्यास गमवायचे ते फार, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि उद्या करोना शंभर टक्के बाजारातून आला असे सिद्ध झाले तरी ते बदलणार नाही.

म्हणून एनआयव्ही बंद करण्याची मागणी करण्यापेक्षा, घातक सूक्ष्मजीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांखाली प्रत्येक संस्थेत जी जैवसुरक्षा समिती असावी लागते तिच्याकडे लक्ष द्या. कोणते काम कोणत्या स्तराच्या खोलीत करायचे हे कोणी ठरवले, गेल्या काही वर्षांत किती अपघात नोंदले गेले आणि त्यानंतर काय बदलले, एवढे तीनच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारून पाहा. अर्ज फक्त एनआयव्हीकडे करू नका. बीएसएल-२ आणि बीएसएल-३ खोल्या असलेल्या, पण ज्यांचे नाव कधी बातम्यांत येत नाही, अशा संस्थांकडे आधी करा.